मुल्हेरचा बेचाळिसावा वेढा

देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव असला की इंदिरानगरात आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. नवे भाडेकरू दचकून गॅलरीत येतात. जुने लोक चहाचा कप बशीतून उचलून धरतात, एवढंच. माझे वडील, अण्णा, मान वर न करता म्हणायचे, "आज मोठी काढलेली दिसते." समोर बसलेले गेणूकाका म्हणायचे, "मोठी नाय मास्तर. वारा हिकडचा हाय." आणि दोघं पुन्हा टेबलावर वाकायचे.

अण्णा निवृत्त इतिहास-शिक्षक. गेणूकाका तोफखान्यातले निवृत्त हवालदार. दोघंही बागलाणातल्या नामपूरचे, पहिलीपासून एका बाकावरचे. ते ज्या टेबलावर वाकायचे ते आमचं जेवणाचं टेबल, आणि त्यावर बारा वर्षं मुल्हेरचा किल्ला होता.

पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये वाळू, मधोमध प्लास्टरचा डोंगर, त्यावर तटबंदी, वर जाणाऱ्या तीन वाटा आणि एक दरवाजा. किल्ल्यातले शिपाई म्हणजे साठ चिंचोके. वेढा घालणारी मोगल फौज म्हणजे अडीच वाट्या अख्खी मसूर. मोगलांकडे करंगळीएवढ्या दोन पितळी तोफा होत्या. त्या काकांनी अंबडच्या एका वर्कशॉपमधून लेथवर करून आणल्या होत्या. अण्णा किल्ल्याच्या, म्हणजे बागलाणच्या बागुल राजाच्या बाजूनं खेळत, काका मोगलांच्या. अण्णांनी शंभर पानी वहीत नियम लिहिले होते. किल्ल्याची चाल सकाळच्या चहाआधी, वेढ्याची दुपारी चारला. तोफ दिवसाला एक बोट पुढे सरकणार, जास्त नाही; दरवाज्याला भिडली की फासा टाकून दरवाजा फोडायचा. खरा पाऊस पडला तर तोफ चिखलात रुतली असं धरायचं.

"तोफ हे हत्यार नाही, तेजू," अण्णा मला सांगत. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात नवी लागले होते आणि घरी येऊन मांडीवर ताट घेऊन जेवत असे, कारण टेबलावर जागा नव्हती. "तोफ हे पोट आहे. ती ओढायला बैल लागतात, बैलांना चारा, चाऱ्याला मुलूख. ज्याच्याकडे मुलूख मोठा त्याचीच तोफ किल्ल्यापर्यंत पोचते. मग तो किल्ला घेतो, मुलूख आणखी वाढतो, तोफा आणखी वाढतात. तीनशे वर्षं डोंगरावर मजेत बसलेले लहान राजे असे एकेक करून संपले. साम्राज्यं शौर्यावर नाही वाढली. चाऱ्यावर वाढली."

"मास्तर, तू तोफ पुस्तकात पायली," काका म्हणत. "मी तिला धक्का मारलाय. डागणं पाच मिन्टाचं काम. ढकलणं हे खरं काम."

सोळाशे अडतीस साली मोगलांनी मुल्हेर घेतलं. आमच्या टेबलावर त्यांनी ते एक्केचाळीस वेळा घेतलं. नियम प्रामाणिक होते, त्यामुळे अण्णा दर वेळी हरले. एकदा मी विचारलं, निदान एकदा तरी मोगलांच्या बाजूनं का खेळत नाही? ते चष्मा पुसत म्हणाले, "अगं, मी नामपूरचा आहे."

फेब्रुवारीत अण्णांना न्यूमोनिया झाला आणि चौथ्या दिवशी ते गेले. तेव्हा बेचाळिसावा वेढा अर्धा झाला होता. तीनपैकी दोन वाटा बंद झाल्या होत्या, तोफा दरवाज्यापासून वीस बोटांवर होत्या आणि किल्ल्यात एक्कावन्न चिंचोके शिल्लक होते.

तेराव्यानंतर बाकीचे पाहुणे गेले. अण्णांची थोरली बहीण, अंबूआत्या, महिनाभर माझ्यासोबत राहिली. ती ऐंशीची आहे आणि तिला घरातली कुठलीही वस्तू रिकामी बसलेली आवडत नाही.

चौदाव्या दिवशी चारला बेल वाजली. गेणूकाका आले आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले. चहा घेतला नाही. किल्ल्यातले चिंचोके बोटानं मोजले.

"डाव आर्धा हाय," ते म्हणाले.

"काय रे गेणू," आत्या आतून म्हणाली, "बारा वर्सं या घरातली माणसं मांडीवर जेवत्यात आन् टेबलावर मोगल. आता तरी उचला ते."

"आर्ध्या डावावरून उठत नस्तं अंबूताई. मास्तर काय म्हणंल?"

"तो काय म्हणतोय आता? गेला ना तो."

मीच म्हणाले, "काका, अण्णांच्या बाजूनं मी खेळते."

हे मी त्यांच्यासाठी म्हणत होते असं तेव्हा मला वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं की तसं नव्हतं. डाव चालू आहे तोवर चारला बेल वाजेल, समोरची खुर्ची अण्णांची राहील, वही उघडी राहील. मुल्हेर पडलं की ट्रे उचलायचा, वाळू कुंडीत टाकायची, आणि मग अण्णा खरंच गेलेले असतील. मला किल्ला पडू द्यायचा नव्हता. एवढीच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी मी टेबलापाशी गेले. चाल झालेली होती.

उत्तरेच्या बुरुजावरचे तीन चिंचोके दरवाज्यावर आले होते. तिन्ही आडवे ठेवलेले, एकमेकांना चिकटून. मी आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "मी कशाला हात लावू तुज्या भावल्यांना? तूच झोपंत उठली असशील." आम्ही एकमेकींकडे जरा संशयानं बघितलं आणि चहा घेतला.

चारला काकांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही मास्तरची चाल हाय."

"काका, ते गेले."

"गेला ते मी बी पायलं. खांदा दिलाय. पण चाल त्याचीच. उत्तरंचा बुरूज उघडा टाकायची त्याची जुनी खोड हाय." मग ते रिकाम्या खुर्चीकडे वळून जरा रागानंच म्हणाले, "मास्तर, मेल्यावर तरी शीक की."

त्या संध्याकाळी आत्यानं टेबलाभोवती जमिनीवर पांढऱ्या रांगोळीचा जाड पट्टा ओतला. उंदीर असो, मांजर असो की आपली भाची असो, पाय उमटेल, असा तिचा हिशोब होता. सकाळी रांगोळी जशीच्या तशी होती. किल्ल्यातले पाच चिंचोके हलले होते आणि मसुरीचे दोन दाणे मेलेल्यांच्या वाटीत पडले होते. नियमात बसत होतं. मी वहीत तपासलं.

मी माणूस तर्कानं चालणारी आहे. ग्रंथालयात पुस्तक चुकीच्या कपाटात सापडलं तर ते कोणीतरी ठेवलेलं असतं, स्वतः चालत जात नाही. म्हणून मी आठ दिवस कारणं शोधली. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठा घातला. पंखा बंद ठेवला. खोलीला बाहेरून कुलूप लावून किल्ल्या उशाखाली घेतल्या. सकाळी चाल झालेली असायची. नवव्या दिवशी मी शोधणं सोडलं आणि खरं सांगायचं तर चहाआधी उठायची मला ओढ लागली.

मग काकांनी तिसरी वाट बंद केली. वेढा पूर्ण झाला.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. लखन दूधवाला फोनवर शपथ घेऊन म्हणाला की त्यानं पिशवी दाराला अडकवली. पेपर आला नाही. नळाला पाणी नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी प्रफुल्ल म्हणाले, "मॅडम, बाकी सगळ्या फ्लॅटना पाणी आहे. मी प्लंबर पाठवला होता. तो म्हणतो तिसऱ्या मजल्यावर तीनच दारं आहेत."

"चार आहेत."

"मलाही माहीत आहे चार आहेत. तो तीनच म्हणतो."

आम्हाला बाहेर जाता येत होतं, पण बाहेरचं काही आत येत नव्हतं. मी भाजी घेऊन निघाले तर जिन्यात पिशवीचा बंद तुटला आणि टोमॅटो तीन मजले खाली गेले. दुसऱ्यांदा घेतली ती दुकानात विसरले. आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी पर्समध्ये ठेवल्या, चेन लावली आणि घरी येऊन उघडली तर पर्समध्ये वाळू होती. थोडीशी, चमचाभर.

फक्त एका माणसाच्या हातून वस्तू आत येत होत्या. गेणूकाका सकाळी दहाला दुधाची पिशवी, पाण्याचा कॅन आणि गोळ्या घेऊन यायचे आणि दुपारी चारला येऊन तोफ एक बोट पुढे सरकवायचे.

"हे कसलं वागणं रे गेणू?" आत्या म्हणाली. "सकाळी पाणी पाजतो, दुपारी गळा धरतो."

"वेढा येगळा, शेजारधर्म येगळा," काका म्हणाले. "आन् वेढा माझा हाय. माझ्याच चौक्या. मला कोण आडवतंय?"

"मग उठव की वेढा."

"नियम नाय तसा. तोफा हितवर आणल्या त्या काय फिरायला?"

मोगलांचं दूध म्हणून आत्यानं पहिल्या दिवशी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घेतला.

याच सुमारास वास यायला लागला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात असतो तसा, जळक्या दारूचा. तो पडद्यांना होता, उशांना होता, वरणाला होता. दुपारच्या शांततेत हॉलमधून बारीक घुंगरांचा आवाज यायचा, खूप लांबून आल्यासारखा, आणि मधूनच चाबकाचा. तोफांच्या मागे वाळूत दोन चाकोऱ्या उमटलेल्या असायच्या, त्या वजनाच्या मानानं फारच खोल.

एका सकाळी आत्याला ट्रेमध्ये तोफेजवळ मोहरीएवढं काहीतरी दिसलं. तिनं ते बोटाच्या टोकावर घेतलं, वास घेतला.

"शेण हाय," ती म्हणाली. "बैलाचं. चारा कमी पडतोय त्याला."

तिनं हात धुतले आणि जरा विचार करून ट्रेच्या कडेला चिमूटभर बाजरी ठेवली. सकाळी बाजरी नव्हती. तेव्हापासून ती रोज ठेवायला लागली. शत्रूचे असले तरी बैलांचा काय दोष, असं तिचं म्हणणं होतं.

मी मात्र किल्ल्याकडे बघत होते. रोज सकाळी एखादा चिंचोका कमी व्हायचा. चाली लहान होत गेल्या होत्या. आधी पाच-पाच हलायचे, मग दोन, मग एक. अण्णांची घाई, त्यांचा हट्टीपणा, उत्तरेचा बुरूज विसरणं, सगळं त्या चालीत मला दिसायचं आणि बरं वाटायचं. तोफा दरवाज्यापासून एका बोटावर आल्या त्या सकाळी एकही चिंचोका हलला नव्हता. सगळे दरवाज्याच्या आत, भिंतीला टेकून बसल्यासारखे होते. चोवीस.

मी त्यातला एक उचलला. त्याला वजन नव्हतं. चिंचोका दातानं फुटत नाही इतका टणक असतो. हा माझ्या दोन बोटांत दबला आणि आतून पीठ झाला.

मी दुसऱ्याला हात लावला नाही. जवळ वाकून बघितलं. सगळ्यांची सालं सुरकुतली होती. वेढा पूर्ण होऊन सतरा दिवस झाले होते. आम्ही काकांचं दूध पीत होतो. आत्या बैलांना बाजरी घालत होती. किल्ल्यात कोणी काही घातलं नव्हतं, कारण किल्ल्यात काही जाऊ शकत नाही, तसा नियमच होता. चारला बेल वाजावी, खुर्ची अण्णांची राहावी, म्हणून मी त्यांना उपाशी ठेवलं होतं.

चारला काका आले. रविवार होता. मी त्यांना हातावरचं पीठ दाखवलं. त्यांनी टोपी काढली.

"आज दरवाजा फोडायचा," ते म्हणाले. "फासा टाकायचा राह्यलाय फक्त."

"टाकू नका."

"तोफ दरवाज्यावर आणून माघारी न्यायची? हे आम्हाला शिकवलं नाय तेजू. आन् मास्तरला ते चालनार नाय. दया केली म्हणंल."

"मग दुसरं काय?"

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. शेवटच्या पानावर एक नियम होता. एक्केचाळीस डावांत अण्णांनी तो कधी वापरला नव्हता. दर वेळी दरवाजा फुटेपर्यंत बसून राहिले होते. त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: किल्लेदारानं किल्ली तोफेपुढे ठेवावी. आतल्या माणसांना अडवू नये.

"तो ठेवनार नाय," काका म्हणाले. "त्याच्या बाजूनं तू हायेस. तुलाच ठेवाया लागंल."

प्लास्टरच्या दरवाज्याला किल्ली नव्हती. लागेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण नियमात किल्ली म्हटलं होतं आणि मी नियम अक्षरशः पाळणारी बाई आहे. मी उठले, खुंटीवरच्या अण्णांच्या सदऱ्याच्या खिशातून त्यांची लॅचची किल्ली काढली आणि तोफांच्या तोंडापुढे वाळूत ठेवली.

काका उभे राहिले. शहात्तराव्या वर्षी जेवढं ताठ होता येतं तेवढं ताठ झाले आणि त्यांनी किल्ल्याला सॅल्यूट केला. आत्यानं पदर डोक्यावर घेतला.

खिडकीच्या काचा थरथरल्या.

"आज रविवार आहे," मी म्हणाले. "रेंज बंद असते."

"सलामी हाय," काका म्हणाले. त्यांचे डोळे पुसून झाल्यावर ते घरी गेले.

सोमवारी सकाळी किल्ल्यात एकही चिंचोका नव्हता. आत्या अजूनही रोज रात्री टेबलाभोवती रांगोळी ओतायची, तिच्यातून एक बारीक रेघ हॉलमधून दारापर्यंत गेली होती. दार उघडं होतं. मी रेघेमागून जिना उतरले. ती तीन मजले उतरून सोसायटीच्या फाटकापर्यंत गेली होती, पुढे झाडूवाल्या मावशींनी झाडून टाकलं होतं. त्या म्हणाल्या, "काय झालं ताई? काय हरवलं का?" मी नाही म्हणाले आणि फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसून रडले. फेब्रुवारीपासून रडले नव्हते. मावशी झाडू टेकून शेजारी उभ्या राहिल्या.

वर आले तर दाराला दुधाच्या अठरा पिशव्या अडकवलेल्या होत्या. अठरा पेपर होते. नळाला पाणी होतं. प्लंबरचा फोन आला की आज दार सापडलं, पण आता काम काय आहे?

काका दहाला आले. आम्ही तिघांनी ट्रे उचलून गॅलरीत नेला. ट्रे फार हलका लागला.

"मसूर कुठंय?" काका म्हणाले.

मी बघितलं. वाळूत मसुरीचा एक दाणा नव्हता. तोफाही नव्हत्या.

"आत्या?"

"माज्याकडं काय बघतीस? मी आमटी केली ती डब्यातल्या तुरीची."

"किल्ला घेतला की फौज आत जाती," काका म्हणाले. त्यांनी प्लास्टरच्या किल्ल्यात डोकावलं, बोट फिरवलं. "हितं तर कोनी नाय."

"आणि किल्ली?" मी म्हणाले. "तुम्ही घेतलीत?"

"मी कशाला घेऊ?"

वाळू चाळून पाहिली. किल्ली नव्हती. आत्या म्हणाली, सापडेल, आधी जेवून घ्या. बारा वर्षांनी टेबल रिकामं झालं होतं. तिनं ते ओल्या फडक्यानं दोनदा पुसलं, तीन ताटं मांडली. तुरीची आमटी होती, भात होता, कांद्याची चटणी होती. काकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "टेबलावर जेवन खाली सांडत नाय, न्हाई का?" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

तेवढ्यात दाराच्या लॅचमध्ये बाहेरून किल्ली घातल्याचा आवाज झाला.

आम्ही तिघंही टेबलाशी बसलो होतो. माझी किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आत्याची तिच्या कंबरेला. तिसरी अण्णांची.

किल्ली सावकाश फिरली. दार पूर्ण उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं, खालून बैलांच्या घुंगरांचा आवाज मात्र येत होता.

"कोन हाय?" काका म्हणाले. आवाज हवालदाराचा होता, पण हातातला घास तसाच राहिला.

उंबऱ्यापाशी नारळाच्या काथ्याचं पायपुसणं आहे. त्याची एक कड दबली. मग दुसरी. थोडी धूळ उडाली. कोणीतरी पाय पुसत होतं, नीट, दोन्ही. कड सरळ झाली आणि लगेच पुन्हा दबली.

मी मोजायला लागले. काका खुर्चीतून उठून बाजूला सरकले, जागा द्यावी तसे.

शंभरापर्यंत मी मोजलं, कड दबायची थांबली नाही. मग आत्या उठली, स्वयंपाकघरात गेली आणि लग्नकार्याचं मोठं पातेलं खाली काढलं.